खसखशीच्या तेलाचे बूच

गर्भाशयाच्या किंवा बीजांडकोशाच्या कर्करोगात महाधमनीलगतच्या लसिकाग्रंथी काढल्यावर क्वचित एक चमत्कारिक गोष्ट घडते. पोटातल्या ड्रेनमधून येणारे पिवळसर पाणी, बाई जेवू लागली की दुधासारखे पांढरे होते. पाहणाऱ्याला पू वाटावा, पण ती असते जेवणातली चरबी. आतड्याने शोषलेली चरबी रक्तात जाण्याआधी लसिकावाहिन्यांत उतरते, आणि त्यांतली एखादी कापलेली वाहिनी उघडीच राहिलेली असते. १६२२ साली इटलीत गास्पारे अझेली यांना या वाहिन्या दिसल्या, त्याही नुकत्याच खाऊ घातलेल्या कुत्र्याच्या पोटात.

बहुतेकदा पथ्याने भागते. नेहमीचे तेल-तूप बंद करून एमसीटी (मध्यम लांबीच्या साखळीच्या मेदाम्लांचे) तेल देतात; ते लसिकेची वाट टाळून थेट यकृताकडे जाते. (घरचे खोबरेल त्याऐवजी चालत नाही. त्यातले लॉरिक आम्ल बव्हंशी लसिकेतूनच जाते.) तेवढ्याने थांबले नाही तर तोंडाने खाणे बंद, शिरेतून पोषण आणि ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शने.

तरीही गळती चालूच राहिली, तर ती कुठे आहे हे शोधावे लागते, आणि इथे लिपिओडॉल येते. पॅरिसच्या मार्सेल गेर्बे यांनी १९०१ मध्ये खसखशीच्या तेलाला आयोडीन जोडून ते बनवले, तेव्हा ते निव्वळ औषध होते. १९२१ मध्ये सिकार आणि फॉरेस्टिये या फ्रेंच डॉक्टरांनी ते क्ष-किरण चित्रणासाठी वापरले. लसिकावाहिन्यांच्या चित्रणासाठी पूर्वी पावलावर छेद घेऊन बारीक वाहिनी हुडकावी लागे. किचकट काम, सीटी स्कॅन आल्यावर मागे पडले. आता सोनोग्राफीत बघत जांघेतल्या ग्रंथीत सुई घालून हे तेल सोडतात. ओटीपोटातल्या ग्रंथी काढल्या तरी जांघेतल्या सहसा शाबूत असतात, हे पथ्यावरच पडते.

खरी गंमत पुढे आहे. नुसत्या चित्रणानंतर काही रुग्णांची गळती काही दिवसांत आपोआप बंद होते! फटीतून झिरपलेले दाट तेल तिथेच साचते, आजूबाजूला सूज आणते आणि फट बुजते. तपासणीचे द्रव्य पुन्हा औषध झाले.

मात्र जांघेतून सोडलेले तेल आतड्याकडून येणाऱ्या शाखांत सहसा शिरत नाही, त्यामुळे तिथली गळती निसटू शकते. उरलेले तेल मानेजवळच्या शिरेतून फुप्फुसांत पोहोचते, म्हणून मात्रा मोजकीच ठेवतात. फुप्फुसे आधीच अधू असतील तर हा मार्ग टाळलेलाच बरा. तेलाने काम झाले नाही आणि जागा नेमकी सापडली असेल, तर सुईतून सायनोअॅक्रिलेट हा वैद्यकीय गोंद सोडतात. पुन्हा पोट उघडणे अगदी शेवटी.