काटा आणि घड्याळ

आमच्या पेढीवरील विजेच्या तोलकाट्याची पडताळणी दरवर्षी होते. नापतौल खात्याचे निरीक्षक येतात, प्रमाणित वजने ठेवून पाहतात, आणि काटा बरोबर भरला तरच त्यावर शिक्का उमटतो. परंतु ज्या संगणकावर आज आमची बिले, खतावणी, मंडीची ई-अनुज्ञा आणि ई-वे बिल तयार होते, त्याच्या पोटातील घड्याळाची परीक्षा कोणी घेत नाही. ते चुकले तर काय होते हे धूलकोटच्या बाजारात आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. सकाळी यंत्र सुरू करावे तो पडद्यावर कुठल्याशा जुन्या वर्षाची १ जानेवारी! तारीख दुरुस्त करावी, दिवसभर ठीक चालावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अनेक व्यापारी बंधूंनी याविषयी विचारणा केली, सबब या वार्षिक अंकात त्या विषयावर थोडे विस्ताराने लिहावे असे आम्ही योजिले.

प्रथम, घड्याळ चुकल्याने व्यापाराला बाध येतो तो कसा, हे पाहू. मक्याचा ट्रक भरून उभा आहे, चालक घाई करीत आहे, आणि सरकारी पोर्टल काही केल्या उघडत नाही. ‘जोडणी सुरक्षित नाही’ अशी सूचना येते. दोष नेटचा समजून लोक कंपनीला दूरध्वनी करीत बसतात. वास्तविक प्रकार असा की प्रत्येक सुरक्षित पोर्टलजवळ एक प्रमाणपत्र असते व त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. आपला संगणक ती मुदत स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ २०१० साल दाखवीत असेल, तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मासच आलेले नाही. ज्या मुदती हुंडीची तारीख उगवलीच नाही, तिचे पैसे कोणता सराफ देईल? संगणकही तसाच नकार देतो, आणि त्याचे चुकत नाही.

२०२५ पासून ई-वे बिलाच्या पोर्टलवर प्रवेशासाठी संकेतशब्दाखेरीज दुसरी खूणही सर्वांना द्यावी लागते. ही खूण संदेशाने येते किंवा भ्रमणध्वनीतील अ‍ॅपवर दिसते. अ‍ॅपवरील आकडे दर ३० सेकंदांनी पालटतात, व ते वेळेवरूनच काढलेले असतात. भ्रमणध्वनीचे घड्याळ एक-दोन मिनिटे इकडे-तिकडे असले तरी खूण जुळत नाही.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे अगत्याचे वाटते. संगणकाची तारीख मागे-पुढे केली की ई-वे बिलाची मुदत वाढते, असे कोणी कोणी खाजगीत सांगतात. हे खोटे आहे. ती मुदत सरकारी यंत्राच्या वेळेने मोजली जाते. साध्या मालाला २०० किलोमीटरपर्यंत एक दिवस, आणि तो दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या तारखेच्या मध्यरात्री संपतो. आपल्या घड्याळाचा संबंध येतो तो आपल्या पेढीवरील हिशेबाशी. ज्या हिशेबप्रणाली तारीख यंत्राकडून घेतात, त्यांत एखादे बिल मार्चऐवजी मागल्या वर्षात जाऊन बसते, क्रम मोडतो, आणि घेणाऱ्याला कराची वजावट मिळण्यास अडचण पडते. ज्याच्याशी वीस-वीस वर्षांचा व्यवहार, त्याला आपल्या तारखेमुळे त्रास व्हावा ही गोष्ट कोणत्याही पेढीला शोभणारी नाही.

आता उपाय. आमचे सांगणे असे की कोणतीही कळ दाबण्यापूर्वी चूक किती आहे ती मोजावी. काट्यात पासंग असला तर आपण तो आधी किती ते पाहतो. रिकाम्या पारड्यालाच एक बाजू खाली असणे वेगळे आणि वजनागणिक वाढत जाणारा फरक वेगळा. घड्याळाचेही तसेच आहे. चुकीचे माप हेच तिच्या कारणाचे नाव सांगते.

चूक बरोबर १२ तासांची असेल तर कोणी सकाळ-दुपारीत गल्लत केली आहे. त्यात पाहण्यासारखे अधिक काही नाही. मिनिटे जुळतात किंवा अर्ध्या तासाचाच फरक पडतो, आणि तास मात्र भलतेच, जसे साडेपाच, साडेबारा किंवा साडेतेरा, असे असेल तर घड्याळ बिघडलेले नसून त्याचा मुलूख चुकलेला आहे. नव्या यंत्रात पुष्कळदा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ निवडलेली असते, ती आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतेरा व उन्हाळ्यात साडेबारा तास मागे. अशा वेळी काटे हाताने फिरवणे हा उपाय नव्हे. तसे केले तर पुढच्या खेपेस यंत्र आपोआप वेळ जुळवून घेईल आणि पुन्हा चुकेल. वेळेच्या पानावर जाऊन क्षेत्र बदलावे. विंडोजमध्ये आपले क्षेत्र ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ या नावाने आहे.

या क्षेत्राचाही इतिहास आहे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी सुरू झाली. ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची वेळ होय. त्यापूर्वी रेल्वे मद्रासची वेळ पाळी आणि गावे आपापल्या सूर्याची. गणित केले तर बुऱ्हाणपूरचे स्टेशन तेव्हा बुऱ्हाणपूर शहराच्या सुमारे १६ मिनिटे पुढे असले पाहिजे! मुंबईने तर नवी वेळ सहजी मानली नाही. ३९ मिनिटे मागे असलेली आपली ‘मुंबई वेळ’ तिने स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे सोडली नव्हती.

आता मुख्य दुखणे, म्हणजे यंत्र बंद केले की जुन्या तारखेला जाणे. मुळात १९८१ सालच्या आय.बी.एम.च्या पहिल्या पी.सी.त बंद असताना चालणारे घड्याळच नव्हते; दर वेळी तारीख हाताने भरावी लागे. १९८४ च्या ए.टी. यंत्रापासून सेलवर चालणारे घड्याळ आत आले, व तीच रचना अजून चालू आहे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते; २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. दाब ३ व्होल्ट. यंत्राला भिंतीतून वीज मिळत असेल तर, यंत्र बंद असले तरी, घड्याळ त्या विजेवर चालते व सेल विसावा घेतो. आपल्याकडे मात्र आगीच्या भीतीने रात्री मुख्य बटण बंद करून दुकान वाढविण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. शिवाय वीज जाते ती वेगळी. त्यामुळे शहरात जो सेल पाच वर्षे पुरतो तो येथे लवकर संपतो, यात नवल नाही.

हा दोष घेऊन गेलेल्या एका व्यापारी बंधूस एका दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेला, नवा संगणक घ्या, असा सल्ला दिला होता. सेलची किंमत शंभर रुपयांच्या आत असते. प्रथम सेल बदलून पाहावा. तो बदलूनही तारीख राहिली नाही तरच पुढचा विचार करावा.

काम अवघड नाही. यंत्र बंद करावे, तारेची पिन भिंतीतून काढावी, खोके उघडून आतील धातूच्या सांगाड्याला एकदा हात लावावा म्हणजे अंगातील स्थिर वीज उतरते. कडेची खिटी हलकेच दाबली की सेल वर येतो. नवा सेल अधिक चिन्ह वर ठेवून बसवावा, आणि बदलल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून खोक्याच्या आतल्या बाजूस चिकटवावी. मग यंत्र सुरू करून तारीख व वेळ एकदा हाताने बरोबर भरावी. कारण चूक फार मोठी असली तर विंडोज ती आपोआप जुळवून घेण्यास तयार होत नाही. लॅपटॉपमध्ये हा सेल अनेकदा वायरने जोडलेला व अडचणीच्या जागी असतो. ते काम जाणत्याकडून करून घ्यावे.

जुना सेल गल्ल्यात किंवा खिडकीत ठेवू नये. घरातील लहान मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतच आतून भाजते. असे झाल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहता मुलाला इस्पितळात न्यावे. ही सूचना माताभगिनींनी विशेष लक्षात ठेवावी.

राहिला तो हळूहळू वाढणारा फरक. संगणकाचे घड्याळ स्फटिकावर चालते. तो स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. एकाची पंधरा वेळा दुप्पट केली की हाच आकडा येतो, आणि म्हणूनच तो निवडला आहे. उष्ण-थंड हवेने त्या कंपात किंचित फरक पडतो व महिन्याला अर्धा-एक मिनिट चुकणे हे साध्या स्फटिकाला लांच्छन नव्हे. यावर औषध म्हणजे खात्रीच्या घड्याळाला वारंवार विचारीत राहणे. अमेरिकेतील डेव्हिड मिल्स यांनी १९८० च्या दशकात याची जी पद्धत बसविली, तीच आज जगभर चालते. आपले यंत्र प्रश्न धाडते, उत्तर येते, आणि जाण्या-येण्याला लागलेल्या काळाचा निम्मा भाग हिशेबात धरला जातो. इंदूरला भाव विचारला आणि उत्तर येण्यास दहा मिनिटे लागली, तर तो भाव पाच मिनिटांपूर्वीचा समजावा, तद्वत. वेळेच्या पानावर ‘आपोआप वेळ’ हे बटण चालू असले म्हणजे झाले.

विचारावयाचे कोणाला? आपल्या देशाची प्रमाणवेळ नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते, आणि तिची वेळ नेटवरून मिळते. विंडोजमध्ये परदेशी पत्ता लिहिलेला असतो, त्या जागी या प्रयोगशाळेचा पत्ता घालता येतो. आम्हास विशेष वाटले ते हे की जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने प्रमाणवेळेच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला, तो वजनमापांच्याच कायद्याखाली. म्हणजे जो कायदा काट्यावर शिक्का मारतो, त्याचीच दृष्टी आता घड्याळाकडे वळली आहे.

एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती पेढीची नसून घरची आहे. नवी पिढी संगणकात व भ्रमणध्वनीत नवकारसी आणि चौविहाराची घंटा लावून ठेवते, हे स्तुत्य आहे. परंतु कोष्टक बहुधा मुंबईहून आलेले असते. घड्याळ सेकंदाला बरोबर असले तरी सूर्य गावोगावचा निराळा. बुऱ्हाणपूर मुंबईच्या पूर्वेस व थोडे उत्तरेस असल्याने येथे सूर्यास्त जूनमध्ये सुमारे ९ मिनिटे, तर डिसेंबरात १७–१८ मिनिटे आधी होतो. सूर्योदयही आधीच होतो. त्यामुळे मुंबईच्या कोष्टकाने नवकारसी पाळली तर दोष नाही, थोडा संयमच अधिक घडतो. चौविहाराचे तसे नाही. हिवाळ्यात मुंबईच्या घंटेवर जेवून उठणारा साधर्मिक बंधू येथे सूर्य मावळल्यावर पाव तास जेवतच असतो. बुऱ्हाणपूरचे कोष्टक मागवून तेच यंत्रात भरावे, आणि ते हाती येईपर्यंत मुंबईच्या सूर्यास्तातून वीस मिनिटे वजा धरून ताटावरून उठावे.