शाळेचा बाहेरचा भागीदार बदलायचाय?
पेणजवळ डोलवी, रोह्याजवळ धाटाव; कारखाने उशाशीच. 18 सप्टेंबर 2023च्या राज्याच्या ‘दत्तक शाळा’ शासननिर्णयाने अशा कंपन्यांसह देणगीदारांना ग्रामीण व नगरपरिषद शाळा 50 लाखांत 5 वर्षे, 1 कोटीत 10 वर्षे दत्तक घेण्याची वाट मोकळी केली. शाळेला देणगीदाराचे नाव जोडण्याचीही! तरीही पालक हतबल नाहीत. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 21नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीनचतुर्थांश पालक, निम्मे सदस्य महिला. भागीदार नको असेल तर विषय तिथेच मांडा, ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना देऊन पोच घ्या. भागीदाराशी झालेला करारनामा माहिती अधिकारात मागा. उत्तराची मुदत 30 दिवस. वाडीवरच्या आया दिवसा मजुरीला जातात. त्यांच्याशिवाय ठराव करू नका, सभा संध्याकाळी ठेवा.