शारदेच्या लग्नांतील कांचन

कन्येबद्दल शुल्क घेणारा पिता हा अपत्य विकणारा होय, असा मनूचा स्पष्ट अभिप्राय आहे. मनूचीं सोयीचीं वचनें मिरविणारे आमच्यांत पुष्कळ होते. या एका वचनापुढें मात्र ते बहिरे होत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही पैसे मोजून घेऊन कोंवळी मुलगी म्हाताऱ्याच्या पदरीं बांधण्याचा प्रकार ब्राह्मणांत चालूच होता.

त्यावर गोविंद बल्लाळ देवल यांनीं ‘संगीत शारदा’ लिहिलें. किर्लोस्कर नाटक मंडळीनें तें १८९९ सालीं इंदुरास प्रथम रंगभूमीवर आणलें. देवलांचीं इतर नाटकें संस्कृत वा युरोपीय कृतींवरून रचलेलीं. हें एवढेंच त्यांच्या स्वतंत्र कल्पनेचें. पात्रांचीं नांवेंच पाहा. धनाढ्य वृद्ध वर भुजंगनाथ, पैशास भुललेला बाप कांचनभट, आणि लग्न जुळविणारा भद्रेश्वर दीक्षित. भद्र म्हणजे कल्याण. तें कोणाचें, हें प्रेक्षकांनीं ओळखावें. ही थट्टा आमच्या वर्गांतील मुलांस समासाच्या नियमांपेक्षां लवकर उमगे.

देवलांच्या दीडशें वर्षें आधीं इंग्लंडांत विल्यम होगार्थ या चित्रकारानें असाच विषय घेतला होता. १७४३च्या सुमारास त्यानें काढलेलीं सहा चित्रें लंडनच्या नॅशनल गॅलरींत आहेत. पहिल्या चित्रांत कर्जबाजारी सरदार आपल्या वंशवृक्षाकडे बोट दाखवितो. मुलीचा व्यापारी बाप चष्म्यांतून करारपत्र निरखितो. वधूवर एकमेकांकडे पाठ करून बसले आहेत, आणि जवळच एका साखळीनें जखडलेलीं दोन कुत्रीं. शब्दाची गरजच नाहीं.

देवलांचा तिखटपणा याहून खोल आहे, आणि तो लग्नमंडपांत दिसतो. शारदा अजाण आहे, वर पंचाहत्तरीच्या घरांतला आहे, बापानें पैसा पाहिला आहे. यांपैकीं एकाही कारणानें लग्न थांबत नाहीं. वधूवर सगोत्र आहेत असें कोदंड हा तरुण उघडकीस आणतो, तेव्हां थांबतें! जमलेल्या मंडळींस गोत्र दिसलें. समोर बसलेली मुलगी दिसली नव्हती.

पुढें १९२९ सालीं बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. तो हरबिलास सारडा यांच्या नांवावरून ओळखला जाई; मराठी माणसांच्या तोंडीं त्याचा ‘शारदा कायदा’ झाला, हा योगायोग मोठा गोड. त्यानें वधूचें वय निदान १४ असावें असें ठरविलें. वर किती म्हातारा असावा याला मात्र मर्यादा घातली नाहीं. शारदा चौदा वर्षांची असती, तर भुजंगनाथाला या कायद्याचें भय नव्हतें.

मग पैशाचा ओघच फिरला. वधूपित्याकडे येणारा पैसा वरपित्याकडे वाहूं लागला, आणि १९६१ सालीं हुंडाप्रतिबंधक कायदा करावा लागला. आमच्या दौंड-शिरूरकडे लग्नाच्या बैठकींत आजही यादी होते. तींत ‘हुंडा’ हा शब्द नसतो. ‘मानपान’ असतो, ‘मुलीच्या हौसेसाठीं’ असतें. दोन्हीकडचे वडीलधारे चष्मे पुसून ती यादी वाचतात. मुलगी चहाचे कप ठेवून आंत जाते, आणि दाराआडून आंकडा ऐकते.