फोटोतली बंदूक काय सांगते?

माझ्या आजोळी माजघराच्या भिंतीवर मामांच्या खापरपणजोबांचा फोटो आहे. डोक्याला पागोटे, अंगात कोट, आणि शेजारी दस्ता जमिनीवर टेकवून उभी धरलेली लांब बंदूक. “सत्तावन्नच्या बंडात ते हीच बंदूक घेऊन लढले,” असे घरातले सगळे सांगतात. एका सुट्टीत मी भिंग आणि मोजपट्टी घेऊन त्या फोटोपुढे बसलो.

पहिला प्रश्न : फोटो सुलटा आहे की उलटा? पूर्वी लोखंडी पत्र्यावर फोटो घेत. त्यात निगेटिव्ह नसे; कॅमेऱ्यातला पत्रा हाच फोटो. त्यामुळे त्यात आरशासारखी डाव्या-उजव्याची अदलाबदल होई. अमेरिकेतील ‘बिली द किड’ या बंडखोराचा सुमारे 1880 सालचा असा फोटो प्रसिद्ध आहे. त्यात पिस्तूल डाव्या कमरेला दिसते. तेवढ्यावरून तो डावखुरा ठरला. 1958 मध्ये निघालेल्या त्याच्यावरील चित्रपटाच्या नावातही तो डावखुराच आहे. पण त्याच फोटोत त्याच्या हाती 1873 च्या नमुन्याची विंचेस्टर बंदूक आहे. तिच्यात काडतुसे भरण्याचे झाकण उजव्या बाजूला असते. फोटोत ते डावीकडे दिसते. म्हणजे फोटोच उलटा! पिस्तूल खरे तर उजव्या कमरेला होते. आमचा फोटो मात्र कागदावरचा, आणि पट्ट्याच्या बक्कलवरील अक्षरे सरळ वाचता येतात. तेव्हा तो सुलटा आहे.

दुसरा प्रश्न : बंदूक भरण्याची रीत कोणती? 1857 मध्ये गाजलेली एनफील्ड ही ठासणीची बंदूक. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासायची. तिच्या उजव्या अंगाला हातोडीसारखा घोडा बाहेरून स्पष्ट दिसतो. आमच्या फोटोत बंदुकीचे उजवे अंग समोर आहे, पण घोडा कुठेच नाही. उलट चापाच्या मागे, दस्त्याच्या मानेलगत एक लांब तरफ आहे. ही खूण मार्टिनी-हेन्रीची. तरफ खाली ओढली की नळीचे मागचे तोंड उघडते आणि तेथून काडतूस घालता येते. नळीखाली गजही दिसतो. पण त्यावरून फसू नये. मार्टिनी-हेन्रीलाही नळी साफ करण्यासाठी गज असे.

तिसरा प्रश्न : लांबी किती? फोटोत माणसाची उंची 12 सें.मी. आणि बंदुकीची 9 सें.मी. भरली. दोन्ही कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असल्याने बंदूक माणसाच्या पाऊणपट. लांब एनफील्ड सुमारे 140 सें.मी. असते. ती धरली तर माणूस सुमारे 187 सें.मी., म्हणजे सहा फुटांहून उंच ठरतो. मार्टिनी-हेन्री सुमारे 124.5 सें.मी. असते, ती धरल्यास उंची 166 सें.मी. येते. पागोट्याखालचे डोके अंदाजाने धरल्यामुळे थोडी चूक संभवते, तरी दुसरे उत्तर अधिक पटते. घरात कुणी त्यांना धिप्पाड म्हटल्याचेही ऐकिवात नाही.

ब्रिटिश लष्कराने मार्टिनी-हेन्री 1871 मध्ये स्वीकारली. तेव्हा ही बंदूक 1857 ची नव्हे.

मामा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “म्हणजे ते लढलेच नाहीत म्हणतोस?”

मी तसे म्हटलेच नव्हते. बंदूक फोटोच्या काळाची फक्त अलीकडची सीमा सांगते : फोटो 1871 च्या आधीचा नसावा. नंतर किती वर्षांनी काढला, हे ती सांगत नाही. कारण बंदुका पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, आणि फोटोसाठी त्या उसन्याही घेतल्या जात. विशीत बंड पाहिलेला माणूस चाळिशीत नवी बंदूक धरून फोटोला उभा राहू शकतो. ‘हीच बंदूक’ हे विधान खोटे ठरले. ‘ते लढले’ हे विधान जिथल्या तिथे आहे. त्यासाठी वेगळा पुरावा लागेल.

मुलांना घरचे जुने फोटो वर्गात आणायला सांगावे. बंदूक नसेल तर सायकल, घड्याळ, कंदील चालेल. प्रत्येक वस्तूबाबत दोन रकाने करावेत : ‘यावरून काय ठरते’ आणि ‘काय ठरत नाही’. दुसरा रकाना भरायला मुलांना अधिक वेळ लागतो. तो द्यावा.