डूनचे पिस्तूल आणि धरणगाव

स्कॉटलंडमधल्या डून गावची जुनी पिस्तुले अंगोअंग धातूची. मुठीला लाकूड नाही, चापाला कडे नाही. मुठीच्या टोकाला मेंढ्याच्या शिंगांची वळणे. सरदारघराण्यांच्या शस्त्रागारांतली ही पिस्तुले पाहताना मला धरणगाव आठवते. १७४६ मध्ये इंग्रजांनी कायद्याने हायलँडच्या डोंगरी कुळांची शस्त्रे काढून घेतली, मग त्यांनाच पलटणींत भरले. पिस्तूल पुन्हा कमरेला आले, पण सरकारी! १८२५ मध्ये खानदेशात हेच घडले. गव्हर्नर एल्फिन्स्टन स्कॉटिश लॉर्डाचा मुलगा, औट्रम अ‍ॅबर्डीनला शिकलेला. औट्रमने आधी भिल्लांवर छापे घातले, पुढे त्यांच्यासोबत वाघ मारले आणि धरणगावला भिल्ल पलटण उभारली. तिरकामठा वापरणाऱ्या हातांत कंपनीची बंदूक आली.