जानेवारीच्या मोजणीत न सापडणारे पाहुणे

८० टक्के. आर्क्टिकमध्ये वीण करून भारतात येणारे पाणकाठचे पक्षी दीर्घकाळात जवळजवळ एवढे घटले, असे २०२३ चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल सांगतो. दूरवरून येणाऱ्या एकूण स्थलांतरितांची घट ५० टक्क्यांहून जास्त. बारमाही राहणारे पक्षी त्या मानाने स्थिर आहेत. २०२० च्या अहवालात ८६७ जाती तपासल्या होत्या, २०२३ मध्ये ९४२, म्हणजे वाढ ९ टक्क्यांच्या आत. संवर्धनाला अग्रक्रम हव्या असलेल्या जाती मात्र १०१ वरून १७८ झाल्या, म्हणजे ७६ टक्के जास्त. जाती जास्त तपासल्या म्हणून यादी लांबली, एवढ्यावर हा फरक उलगडत नाही.

नांदेड-लातूरकडे हे पक्षी धरणांच्या आणि तलावांच्या काठी उतरतात. गोदावरीवरच्या विष्णुपुरी धरणाचा उपयुक्त साठा ८०.७९ दशलक्ष घनमीटर, लातूरची तहान भागवणाऱ्या मांजरा धरणाचा १७६.९६, आणि गोदावरीवरच वर असलेल्या जायकवाडीचा २,१७१, म्हणजे विष्णुपुरीच्या जवळपास २७ पट. २०२३ च्या पावसाळ्याअखेर जायकवाडी निम्मेही भरले नव्हते; २०२४ च्या सप्टेंबरात त्याचे दरवाजे उघडावे लागले. माणसांना दुसरे वर्ष सुखाचे. छोट्या टिलव्याला उलट. पंचवीसेक ग्रॅमचा हा पक्षी बोटभर पाण्यात, ओल्या चिखलात भराभर चोच मारत चरतो. धरण काठोकाठ भरले की चिखलाची पट्टी बुडते आणि टिलवा दुसरीकडे जातो. भरलेल्या धरणावरचा कमी आकडा म्हणजे घट नव्हे.

मोजणीतली मोठी उणीव वेळेची आहे, आणि ती मला फार खटकते. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. पावसासोबत आलेला चातक ऑक्टोबरपर्यंत निघून जातो. आपल्या नीलपंखाचा युरोपीय भाऊबंद सप्टेंबर-ऑक्टोबरात पश्चिम भारतावरून आफ्रिकेकडे जातो. जानेवारीत दोघांचाही आकडा शून्याजवळ.

सोयाबीन काढणीला येते तेव्हा शेतावर घिरट्या घालणारे पिवळसर चतुर तर कुठल्याच पक्षीगणनेत नसतात. साडेचार सेंटिमीटरचा हा कीटक पावसाच्या डबक्यात दीड-दोन महिन्यांत वाढतो. भारत ते आफ्रिका आणि परत, असा त्याचा १४,००० ते १८,००० किलोमीटरचा फेरा चार पिढ्यांत पुरा होतो, असा अंदाज २००९ मध्ये मांडला गेला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी जगभर पक्षी मोजतात. त्या सकाळी गावच्या तलावावर पंधरा मिनिटे थांबा आणि यादी ई-बर्ड या संकेतस्थळावर टाका. एकही पक्षी दिसला नाही, तरी वेळ आणि जागा नोंदवा.