एचआरव्ही म्हणजे काय? अ‍ॅप म्हणतंय ‘सगळं ठीक’, मग खोली कोंदट का? बसवण्यापासून दुरुस्तीपर्यंत सगळी माहिती



आजचा विषय जरा वेगळा आहे. घरातली शिळी हवा बाहेर टाकून ताजी हवा आत आणणाऱ्या आणि तेही घरातली ऊब न घालवता करणाऱ्या मशीनबद्दल आज बोलूया. हे मशीन मोबाईल अ‍ॅपवर चालतं, आणि खरी गंमत तिथेच झाली. आमच्या घरी अ‍ॅप तीन महिने हिरवा टिक दाखवत होतं आणि लेकीच्या खोलीत हवा जवळजवळ जातच नव्हती!

मी सध्या इंग्लंडमध्ये, लीड्सला राहतो. आम्ही एक जुनं विटांचं घर घेतलं. थंडीचं बिल कमी व्हावं म्हणून फटी बुजवल्या, दुहेरी काचेच्या खिडक्या बसवल्या, माळ्यावर इन्सुलेशन टाकलं. बिल कमी झालं, पण नवीनच कटकट सुरू झाली. सकाळी उठलं की काचांवर पाणी. लेकीच्या कपाटामागे काळी बुरशी. आणि तिचा रात्रीचा खोकला काही केल्या थांबेना. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “घरात ओल आहे का?”

इंग्लंडमध्ये हा प्रश्न कोणी हलक्यात घेत नाही. इथल्या रॉचडेल गावात अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळे श्वसनाचा गंभीर आजार होऊन तो दगावला, असा निष्कर्ष २०२२ च्या चौकशीत निघाला. त्याच्या नावाने पुढे कायद्यात तरतूदही झाली. हे वाचल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही.

आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “अरे, मग खिडकी उघड ना थोडी!” तिचं बरोबरच होतं. पण बाहेर २ अंश. खिडकी उघडली की महागडी ऊब दहा मिनिटांत गुल. म्हणून आम्ही हे मशीन बसवायचं ठरवलं.

एचआरव्ही काम कसं करतं?

एचआरव्ही म्हणजे हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन. इंग्लंडमध्ये याला एमव्हीएचआर म्हणतात. एका पेटीत दोन पंखे असतात. एक पंखा स्वयंपाकघर, बाथरूम आणि टॉयलेटमधली दमट हवा ओढून बाहेर टाकतो. दुसरा बाहेरची हवा गाळून बेडरूम आणि हॉलमध्ये सोडतो. मधोमध पातळ पत्र्यांचा एक ठोकळा असतो, तो हीट एक्स्चेंजर. दोन्ही हवा त्यातून शेजारी-शेजारी जातात, पण एकमेकींत मिसळत नाहीत. जाणारी हवा आपली ऊब येणाऱ्या हवेला देऊन जाते.

साधं गणित बघा. घरात २०, बाहेर २ अंश. फरक १८ अंशांचा. मशीनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर १८ पैकी साधारण १५.३ अंश परत मिळतात. म्हणजे आत येणारी हवा २ अंशांची नाही, तर जवळपास १७ अंशांची! खिडकी उघडल्यासारखी ताजी हवा, पण हुडहुडी नाही.

एक लक्षात ठेवा, हे हीटर नाही आणि एसीही नाही. घर गळकं असेल, म्हणजे फटींतून वारा येत असेल, तर याचा फारसा फायदा नाही. आणि ओल छपरातून किंवा फुटक्या पाईपमधून येत असेल तर आधी ती दुरुस्त करा. मशीन ते काम करणार नाही.

बसवताना या ५ गोष्टी बघाच

१. आधी हिशोब, मग मशीन. इंग्लंडच्या नियमांनुसार तीन बेडरूमच्या घराला सेकंदाला किमान ३१ लिटर हवा लागते, किंवा दर चौरस मीटरला ०.३ लिटर, यातलं जे जास्त असेल ते. आमच्याकडे ३१ धरलं. आत येणारी हवा अशी वाटली: हॉल १०, आमची बेडरूम ८, लेकीची खोली ७, छोटी खोली ६. बाहेर जाणारी: स्वयंपाकघर १४, बाथरूम १०, टॉयलेट ७. दोन्ही बेरजा ३१. आत-बाहेर समान असणं, यालाच बॅलन्सिंग म्हणतात.

२. नळ्या कमीत कमी वळणांच्या. मऊ, लवचिक नळी स्वस्त आणि बसवायला सोपी असते, पण ती पटकन दबते आणि हवा अडवते. अगदी टोकाला छोटा तुकडा चालेल, सगळीकडे नको. थंड माळ्यावरून जाणाऱ्या नळ्यांना इन्सुलेशन हवंच, नाहीतर त्यांच्या आतच पाणी साचतं.

३. दाराखाली फट. बेडरूममध्ये आलेली हवा बाथरूमपर्यंत जाणार कुठून? दाराखालून! साधारण १ सेंटीमीटर मोकळी जागा लागते.

४. फोडणीची चिमणी वेगळी. आपल्याकडे रोज फोडणी होते, तेलाची वाफ उडते. शेगडीवरची चिमणी या मशीनला कधीही जोडू नका. तेल नळ्यांत आणि एक्स्चेंजरमध्ये जाऊन बसतं. कपडे वाळवायचं मशीनही जोडायचं नाही.

५. फोटो काढा. सिलिंग बंद होण्याआधी प्रत्येक नळीचा, प्रत्येक जोडाचा मोबाईलवर फोटो आणि व्हिडिओ घेऊन ठेवा. फुकटात होणारं हे सगळ्यात उपयोगी काम आहे. आणि काम संपल्यावर प्रत्येक खोलीत मोजलेल्या हवेच्या आकड्यांचा कागद इन्स्टॉलरकडून मागून घ्या.

मशीन सुरू झालं. काचांवरचं पाणी आठवड्याभरात गेलं. बुरशी साफ केली, ती परत आली नाही. आम्ही खूश.

मग बिघडलं काय?

जानेवारीत लेकीचा खोकला परत सुरू झाला. सकाळी तिच्या खोलीत गेलं की कोंदट वास. अ‍ॅप उघडलं: ‘सिस्टम नॉर्मल’, हवा ३१ लिटर, फिल्टर ठीक, हिरवा टिक.

मी कार्बन डायऑक्साइड मोजणारा छोटा सेन्सर आणला. (असा सेन्सर घेताना त्यावर ‘एनडीआयआर’ लिहिलंय ना ते बघा. काही स्वस्त सेन्सर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, इतर वायूंवरून अंदाज सांगतात.) बाहेरच्या हवेत हा आकडा साधारण ४२० ते ४३० पीपीएम असतो. आमच्या बेडरूममध्ये आम्ही दोघं झोपूनही सकाळी ९०० होता. लेकीच्या खोलीत एकटं लहान मूल, आणि आकडा १,९००!

मग मी पिशवीची चाचणी केली. ही तुम्हीही करू शकता:

- ५० लिटरची कचऱ्याची पातळ पिशवी घ्या आणि दाबून तिच्यातली सगळी हवा काढून टाका.
- पिशवीचं तोंड हवा आत सोडणाऱ्या झडपेभोवती घट्ट धरा.
- मोबाईलचा स्टॉपवॉच सुरू करा. पिशवी पूर्ण फुगायला किती सेकंद लागले ते बघा.
- ५० ला त्या सेकंदांनी भागा. उत्तर म्हणजे सेकंदाला किती लिटर हवा येतेय ते.

हे अंदाजे मोजमाप आहे, पण खोल्यांची तुलना करायला पुरेसं आहे. लेकीच्या खोलीत ७ सेकंदांत फुगायला हवी होती. लागले २५! म्हणजे ७ ऐवजी फक्त २ लिटर.

इन्स्टॉलरने येऊन नीट यंत्राने मोजलं: हॉल १२, आमची बेडरूम ९.५, छोटी खोली ७.५, लेकीची खोली २. आता बेरीज करून बघा. बरोब्बर ३१!

अ‍ॅप खोटं बोलत नव्हतं. मशीन स्वतःतून जाणारी एकूण हवा मोजत होतं, आणि ती ३१ च होती. एक नळी दबली की तिच्या वाट्याची हवा बाकीच्या नळ्यांत जाते. मशीनला कोणती खोली उपाशी आहे हे कळायला काही मार्गच नाही. त्यात पंखे हुशार असतात. अडथळा आला की जास्त जोरात फिरून एकूण आकडा राखतात. वीज थोडी जास्त जाते, आवाज थोडा वाढतो, बाकी सगळं ‘नॉर्मल’.

आणि नळी दाबली कोणी? मीच! दिवाळीत भारतातून आई-बाबा आले होते. ते परत गेल्यावर दोन मोठ्या रिकाम्या बॅगा मी माळ्यावर ढकलल्या, त्या थेट लेकीच्या खोलीच्या मऊ नळीवर. शिवाय त्याच महिन्यात तिच्या खोलीत नवा जाड गालिचा घातला होता, त्याने दाराखालची फट बुजली. म्हणजे हवा यायलाही जागा नाही आणि जायलाही नाही.

बॅगा हलवल्या, तो तुकडा बदलून कडक नळी घातली, दार खालून थोडं तासलं. परत मोजलं: ७ लिटर. दुसऱ्या दिवशी सकाळी सेन्सर ८५० वर. खोकला फक्त याच्यामुळेच होता असं मी म्हणणार नाही, मुलांना थंडीत सर्दी होतेच. पण आता ती रात्रभर शांत झोपते.

काय झालं तर काय बघायचं?

हात घालण्याआधी मशीनचा मेन स्विच बंद करा.

एकाच खोलीत हवा कमी: नळी दबलीय का, झडप कोणी फिरवलीय का, दाराखालची फट बुजलीय का ते बघा. झडपेची जागा स्वतः बदलू नका, सगळ्या घराचं बॅलन्सिंग बिघडतं.

सगळीकडे हवा कमी किंवा आवाज जास्त: फिल्टर आणि बाहेरची जाळी बघा. जाळीत पानं, कीटक, कोळ्याची जाळी अडकतात. बहुतेक अ‍ॅपमधली ‘फिल्टर बदला’ ही सूचना फक्त कॅलेंडर असते, ती धूळ मोजत नाही. रस्त्यालगत घर असेल तर दर तीन महिन्यांनी फिल्टर काढून डोळ्यांनी बघा. फिल्टर पाण्याने धुवू नका. नवा घालताना बाणाची दिशा तपासा, आणि टायमर रिसेट फिल्टर खरंच बदलल्यावरच करा.

मशीनमधून पाणी गळतंय: दमट हवा थंड झाली की पाणी सुटतं, ते एका पातळ नळीने बाहेर जातं. ती नळी तुंबली, तिचा उतार चुकला किंवा थंड माळ्यावर गोठली, तर पाणी मशीनमध्येच साचतं. गुडगुड आवाज किंवा गटाराचा वास येत असेल तर सायफन कोरडा पडला असेल.

स्वयंपाकाचा वास बेडरूममध्ये येतोय: हवा घेणारं आणि सोडणारं अशी बाहेरची दोन तोंडं फार जवळ असतील, तर टाकलेली हवाच परत आत येते. वाऱ्याच्या दिवशी हे जास्त जाणवतं.

कडाक्याच्या थंडीत पंखा मध्येच मंदावतो: हा बहुतेक वेळा बिघाड नाही. एक्स्चेंजरमध्ये बर्फ होऊ नये म्हणून मशीन स्वतःच तसं करतं.

उन्हाळ्यात घर जास्त तापतंय: अ‍ॅपमध्ये ‘समर बायपास’ सुरू आहे का बघा. तो सुरू असला की रात्रीची गार हवा ऊब न घेता थेट आत येते.

आणि एक महत्त्वाचं. रात्री आवाज होतो म्हणून मशीन बंद करू नका. आवाज येत असेल तर सायलेन्सर बसवून घ्या. घरात लाकडाची शेगडी किंवा गॅस जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

महाराष्ट्रात याची गरज आहे का?

बहुतेक घरांना नाही. आपल्याकडे बाहेर २ अंश नसतात, खिडकी उघडी ठेवता येते. पण एक गोष्ट मात्र सारखीच आहे. स्प्लिट एसी लावून, दारं-खिडक्या घट्ट बंद करून आपण झोपतो, तेव्हा तो एसी खोलीतलीच हवा फिरवून गार करत असतो. बाहेरची ताजी हवा तो आणत नाही. सकाळी डोकं जड वाटत असेल तर एकदा सेन्सर लावून बघा, किंवा सरळ खिडकी थोडी किलकिली ठेवा.

तुमच्यापैकी जे शिकायला किंवा नोकरीला युरोपात, कॅनडात जाणार आहेत, त्यांना भाड्याच्या घरात छताला गोल पांढऱ्या झडपा दिसतील. त्या कागदाने बंद करू नका. आणि अ‍ॅपमध्ये हिरवा टिक दिसला तरी वर्षातून दोनदा प्रत्येक खोलीत पिशवी लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

परवा आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे माझ्या बॅगांमुळे झालं होय!” मी म्हटलं, “नाही गं, मी न बघता ठेवल्या म्हणून झालं.” आता त्या बॅगा पलंगाखाली आहेत.

तुमच्या घरी असं मशीन असेल आणि काही अडत असेल तर कमेंटमध्ये नक्की विचारा. झडपेचा आणि नळ्यांचा फोटो जवळ असेल तर उत्तर देणं सोपं जाईल.